बुलेट ट्रेनखालची जमीन

मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गाला लागणारी जमीन सुमारे 1,390 हेक्टर आहे. मोठ्या सरकारी प्रकल्पांच्या हिशेबात हा आकडा किरकोळ ठरावा. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाला याच्या सहापटींहून अधिक जमीन लागली. तरीही सप्टेंबर 2017 मध्ये साबरमतीला भूमिपूजन झाल्यापासून सगळी जमीन हाती येईपर्यंत जानेवारी 2024 उजाडला. ज्या वर्षअखेर गाडी धावायची होती, ते 2023 साल तोवर सरून गेले होते. या सहा वर्षांचा इतिहास सहसा एकाच वाक्यात सांगितला जातो: गुजरातने जमीन दिली आणि महाराष्ट्राने अडवली. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. गुजरातमध्येही शेतकरी न्यायालयात गेले होते. महाराष्ट्रात सर्वांत जास्त ताणले गेलेले तुकडे शेतकऱ्यांचे नव्हतेच; ते सरकारी संस्थांचे, वनखात्याचे आणि एका मोठ्या उद्योगसमूहाचे होते.

या मार्गाची कल्पना 2009 च्या सुमारास रेल्वे मंत्रालयाच्या कागदांवर आली, तेव्हा तिच्यात पुणेही होते. पुणे–मुंबई–अहमदाबाद असा तो पट्टा होता आणि त्याचा पूर्वव्यवहार्यता अभ्यास परदेशी सल्लागारांच्या मदतीने झाला. घाट चढून जाणाऱ्या उन्नत मार्गाचा खर्च पाहता 2013 मध्ये पुण्याचा टप्पा गळाला. त्याच वर्षी जपानबरोबर संयुक्त अभ्यासाचे ठरले आणि जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था, म्हणजे सरकारी भाषेत ‘जायका’, या कामात आली. अभ्यासाचा अहवाल 2015 च्या जुलैत पूर्ण झाला. 12 डिसेंबर 2015 रोजी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे दिल्लीत असताना सहकार्याच्या करारावर सह्या झाल्या. खर्चाच्या सुमारे 81 टक्के रक्कम जपान कर्जाऊ देणार होते. व्याज 0.1 टक्का, परतफेडीला 50 वर्षे आणि पहिली 15 वर्षे हप्ता नाही, अशा त्याच्या अटी होत्या. इतके स्वस्त कर्ज मिळाल्यामुळे प्रकल्पावरची आर्थिक टीका बरीच बोथट झाली. पण जपानचा पैसा बांधकामासाठी आणि यंत्रसामग्रीसाठी होता. जमीन मिळवण्याची जबाबदारी भारताची, म्हणजे व्यवहारात दोन राज्यांच्या महसूल खात्यांची होती.

फेब्रुवारी 2016 मध्ये नॅशनल हायस्पीड रेल कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. तिचे निम्मे भांडवल केंद्राचे, पाव महाराष्ट्राचे आणि पाव गुजरातचे. केंद्राने 10,000 कोटी रुपये आणि दोन्ही राज्यांनी प्रत्येकी 5,000 कोटी घालायचे होते. मार्गाची वाटणी मात्र अशी समसमान नव्हती. 508 किलोमीटरपैकी 348 गुजरातेत, 4 दादरा-नगर हवेलीत आणि 156 महाराष्ट्रात येतात. बारा स्थानकांपैकी आठ गुजरातची आणि चार महाराष्ट्राची: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. भांडवल सारखे आणि स्थानके निम्मी, हा हिशेब मुंबईतल्या राजकारण्यांनी पुढे वारंवार मांडला.

जपानी बाजूला जमिनीचा प्रश्न नवा नव्हता. टोकियो ते ओसाका या पहिल्या शिनकानसेनचे, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे, काम एप्रिल 1959 मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर 1964 मध्ये पुरे झाले, म्हणजे साडेपाच वर्षांत. या वेगाचे बरेचसे श्रेय युद्धापूर्वीच्या एका फसलेल्या योजनेला जाते. 1940 च्या आसपास जपानने अशाच जलद गाडीसाठी जमीन घ्यायला आणि बोगदे खणायला सुरुवात केली होती. युद्धामुळे काम थांबले, पण घेतलेली जमीन रेल्वेकडेच राहिली. त्यानंतरच्या मार्गांना हे भाग्य लाभले नाही. नारिता विमानतळाला जोडणारी शिनकानसेन स्थानिकांच्या विरोधामुळे अर्धवट राहून अखेर रद्द झाली. तोहोकू शिनकानसेन 1982 मध्ये सुरू झाली ती टोकियोच्या उंबरठ्यावरच्या ओमिया स्थानकापासून, कारण पुढच्या वस्त्यांनी मार्ग अडवून धरला होता. त्या वस्त्यांची समजूत काढायला सरकारला सोबत एक लोकल मार्गही बांधून द्यावा लागला. भारतातल्या वेळापत्रकात या अनुभवाचा मागमूस दिसत नाही. भूमिपूजनाच्या वेळी 2018 अखेर बहुतेक जमीन हाती येईल असे गृहीत धरले होते, आणि काही पुढारी तर 15 ऑगस्ट 2022 ही तारीख सांगत होते.

जमिनीची गरज कमी व्हावी म्हणून आराखडा मात्र बदलला. सुरुवातीच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मार्ग मातीच्या भरावावरून जाणार होता. भरावाला पायथ्याशी रुंद जमीन लागते आणि गावाचे दोन तुकडे होतात. नंतर जवळजवळ सगळा मार्ग खांबांवर उचलला गेला आणि जमिनीवरचा पट्टा साधारण साडेसतरा मीटरवर आला. कागदावर हा बदल शेतकऱ्याच्या फायद्याचा होता आणि बऱ्याच अंशी तो खराही आहे. पण रेषेत जाणाऱ्या प्रकल्पाची स्वतःची एक अडचण असते. धरण गावे बुडवते, म्हणून निदान विस्थापित कोण हे स्पष्ट असते. रेल्वेचा पट्टा कुणाचे पाच गुंठे, कुणाची विहीर, कुणाच्या चिकूच्या दोन रांगा घेऊन पुढे जातो. गाव उठत नाही, म्हणून पुनर्वसनाचा प्रश्न दिसत नाही. प्रत्येक गट क्रमांकामागे मात्र एक सातबारा असतो, त्यावर मेलेल्या आजोबांचे नाव, न झालेल्या वारसनोंदी, सासरी गेलेल्या बहिणी आणि कधीकाळी परदेशी गेलेला एखादा भाऊ. सामाईक खात्यातल्या एकाने जरी सही केली नाही तरी खरेदीखत अडते. हजारो खातेदारांच्या या सह्या गोळा करायला पंधरा-अठरा महिने पुरतील, हा अंदाज ज्याने तलाठ्याच्या दप्तरात कधी डोकावले आहे त्याने केला नसता.

कायद्याची पार्श्वभूमीही ताजी होती. 1894 चा ब्रिटिश काळातला भूसंपादन कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून नवा कायदा आला होता. त्यात ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि खासगी प्रकल्पांसाठी 80 टक्के जमीनधारकांची संमती अशा तरतुदी होत्या. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अट नव्हती, मूल्यांकनाची मात्र होती. डिसेंबर 2014 मध्ये केंद्राने या अटी सैल करणारा अध्यादेश काढला. तो पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि संसदेत मंजुरी मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा ऑगस्ट 2015 च्या अखेरीस तो सोडून देण्यात आला. मग राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या कराव्यात असा मार्ग निघाला. गुजरातने 2016 मध्ये अशी दुरुस्ती करून पायाभूत प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनातून मोकळे केले. महाराष्ट्राची अशीच दुरुस्ती 2018 मध्ये आली. बुलेट ट्रेनची जमीन या दुरुस्त्यांच्या छत्राखाली घेतली गेली, आणि गुजरातमधला पहिला मोठा वाद त्यावरूनच पेटला.

दक्षिण गुजरातच्या सुरत, नवसारी आणि वलसाड जिल्ह्यांत जमीन सुपीक आहे आणि आंब्या-चिकूच्या बागा उत्पन्न देणाऱ्या आहेत. तिथल्या शेतकऱ्यांचा मुख्य आक्षेप दराला होता. मोबदल्याचा पाया म्हणजे जंत्री, जमिनीचे सरकारी दरपत्रक, आणि गुजरातची जंत्री 2011 नंतर सुधारलेलीच नव्हती. सात वर्षांपूर्वीच्या दराची चौपट आजच्या भावाशी जुळत नव्हती. 2018 मध्ये शेतकरी गुजरात उच्च न्यायालयात गेले. त्यांचे दोन कायदेशीर मुद्दे होते. पहिला असा की प्रकल्प दोन राज्यांतून जातो, म्हणून संपादनाचा अधिकार केंद्राचा, राज्याचा नव्हे. दुसरा असा की मूल्यांकन वगळणारी राज्याची दुरुस्तीच घटनाबाह्य आहे. सप्टेंबर 2018 मध्ये एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी न्यायालयात प्रतिज्ञापत्रे दिली. काहींनी थेट जपानकडे दाद मागितली, कारण जायकाच्या स्वतःच्या नियमांनुसार बाधितांशी सल्लामसलत होणे आणि त्यांचे जीवनमान ढासळू न देणे अपेक्षित होते. ज्या राज्याला प्रकल्पाचा घरचा आधार मानले जात होते, तिथेच कर्ज देणाऱ्याच्या दारात तक्रार गेली, ही गोष्ट दिल्लीला झोंबणारी होती.

19 सप्टेंबर 2019 रोजी न्यायालयाने 120 हून अधिक याचिका फेटाळल्या. दुरुस्ती वैध ठरली आणि संपादनाची प्रक्रियाही. दराच्या बाबतीत मात्र न्यायालयाने दार उघडे ठेवले: इतर प्रकल्पांत, उदाहरणार्थ राष्ट्रीय महामार्गांसाठी, जास्त दर दिला गेला असेल तर त्याचे दाखले घेऊन शेतकऱ्यांनी अधिकाऱ्यांकडे जावे. गुजरातमधला पुढचा प्रवास बहुतांशी याच वाटेने झाला. विरोधाचे रूपांतर वाटाघाटीत झाले. राज्य सरकार प्रकल्पाच्या मागे ठाम होते, प्रांत आणि मामलेदार गावोगावी बसून होते, आणि राजकीय विरोधाला सत्तेत जागा नव्हती. सप्टेंबर 2020 मध्ये गुजरातची 77 टक्के जमीन हाती आली होती, तेव्हा महाराष्ट्राची 22 टक्के होती. दोन राज्यांची तुलना याच आकड्यांवर बेतलेली आहे.

महाराष्ट्रातल्या 156 किलोमीटरपैकी मोठा भाग पालघर जिल्ह्यात येतो. वसई, पालघर, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतली 73 गावे मार्गात होती. जिल्ह्याची सुमारे 37 टक्के वस्ती आदिवासी आहे आणि तलासरीत तर दहातली नऊ माणसे. डहाणू-तलासरीचा पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडतो आणि तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. पेसा सांगतो की संपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत व्हावी. 2013 चा भूसंपादन कायदा आणखी पुढे जाऊन पूर्वसंमतीची गोष्ट करतो. याच मुलखात 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. जमीन कुणाची, हा प्रश्न इथे तेव्हापासून राजकारणाच्या मध्यभागी आहे. लाल बावट्याची किसान सभा, कष्टकरी संघटना, आदिवासी एकता परिषद, भूमिसेना अशा संघटनांची मुळे इथे खोलवर आहेत.

पालघरच्या विरोधाला आणखी एक कारण होते, आणि बुलेट ट्रेनविषयीच्या चर्चेत ते फारसे येत नाही. ही एकच मोजणी गावात आली नव्हती. मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग, दिल्लीकडे जाणारा समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग, उपनगरी रेल्वेचे चौपदरीकरण, उच्चदाब वीजवाहिन्या आणि किनाऱ्यावर वाढवण बंदराचा प्रस्ताव, हे सगळे त्याच चिंचोळ्या पट्टीतून जाणार होते. त्याआधी सूर्या धरण आणि तारापूरचा अणुवीज प्रकल्प होऊन गेले होते आणि तिथल्या विस्थापितांच्या तक्रारी लोकांच्या तोंडपाठ होत्या. धरणाचे पाणी वसई-विरारला गेले आणि शेजारचे पाडे कोरडे राहिले, ही सल ताजी होती. अशा गावात सर्वेक्षणाचे दगड रोवायला माणसे आली की ती कोणत्या प्रकल्पाची, हे विचारण्याआधीच त्यांना परत पाठवले जाई. 2018 मध्ये अनेक गावांनी मोजणी होऊ दिली नाही आणि ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान सभेच्या लाँग मार्चच्या मागण्यांमध्येही समृद्धी महामार्ग आणि बुलेट ट्रेनसाठी सक्तीने जमीन घेऊ नये, ही मागणी होती.

सरकारने इथे संपादनाऐवजी थेट खरेदीचा मार्ग धरला. महाराष्ट्राने 2015 मध्येच असा नियम केला होता की जमीनधारक वाटाघाटीने जमीन देत असेल तर कायद्याने मिळणाऱ्या मोबदल्यावर आणखी 25 टक्के द्यावेत. ग्रामीण भागात रेडी रेकनरच्या दुपटीवर शंभर टक्के दिलासा रक्कम धरली की चौपट होते, आणि वरचे पंचवीस टक्के धरले की पाचपट. ‘पाचपट’ हा शब्द पालघरमध्ये चांगलाच रुळला. थेट खरेदीत निवाड्याची, सुनावणीची लांबलचक प्रक्रिया टळते. 2017 मध्ये राज्यपालांच्या एका अधिसूचनेने महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी आदिवासी जमिनीच्या अशा खरेदीला ग्रामसभेच्या मंजुरीची अट काढून टाकली होती. त्यामुळे ग्रामसभेचा ठराव आणि खातेदाराची सही या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. गावाने नाही म्हटले तरी गावातला एकेक खातेदार हो म्हणू शकत होता. पालघरची जमीन पुढे मोकळी झाली ती मुख्यतः या फटीतून. आंदोलकांच्या मते यात पेसाचा आत्मा हरवला, आणि हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. पण पैशाची गरज असलेल्या आणि सातबारा नावावर असलेल्या माणसाने पाचपट भावाला जमीन विकली, तर त्याला फितूर म्हणणेही सोपे नव्हते.

खरी कोंडी झाली ती ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांची. वरकस किंवा वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारे, ज्यांचे वनहक्काचे दावे प्रलंबित होते, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहिलेले, गावठाणाबाहेर घर असलेले असे अनेक जण. जमिनीचा पैसा मालकाला मिळाला; यांना घराचा, झाडांचा मोबदला मिळाला तर मिळाला. कागदाभोवती फिरणाऱ्या व्यवस्थेत कागद नसलेला माणूस मोजणीत दिसतच नाही. कॉर्पोरेशनने विरोध मावळावा म्हणून गावांना रुग्णवाहिका, डॉक्टर, तळी, दिवे अशा सोयी देऊ केल्या. काही गावांनी त्या मागितल्याही होत्या. या गरजांसाठी त्यांना बुलेट ट्रेन येईपर्यंत थांबावे लागले, ही राज्याच्या प्रशासनावरची टीका त्यात आपोआप आली.

राजकीय पक्षांची भूमिका या काळात वाऱ्याच्या दिशेने फिरत राहिली. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी राज ठाकरे यांनी लोकल सुधारल्याशिवाय मुंबईत बुलेट ट्रेनची वीटही रचू देणार नाही असे जाहीर केले. तेव्हा राज्यात भाजपबरोबर सत्तेत असलेली शिवसेनाही प्रकल्पावर टीका करत होती. मे 2018 मध्ये पालघर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दिवंगत भाजप खासदार चिंतामण वनगा यांचे पुत्र शिवसेनेकडून उभे राहिले आणि भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली. प्रचारात बुलेट ट्रेनचा विरोध गाजला. निवडून आले ते गावित. पुढच्याच वर्षी युतीच्या जागावाटपात पालघर शिवसेनेकडे गेले, गावितही शिवसेनेत गेले आणि पुन्हा खासदार झाले. त्याच वर्षी डहाणू विधानसभेत मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. गावपातळीवरचा विरोध एका रेषेत चालला होता, पक्षांच्या रेषा मात्र एकमेकींना छेदत होत्या.

नोव्हेंबर 2019 मध्ये महाविकास आघाडीचे सरकार आले आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी काही दिवसांतच प्रकल्पाचा फेरआढावा घेण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी 2020 मधल्या ‘सामना’च्या मुलाखतीत त्यांनी या गाडीला पांढऱ्या हत्तीची उपमा दिली. आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्राच्या प्राधिकरणाचे मुख्यालय एप्रिल 2020 मध्ये गांधीनगरला ठरले, तेव्हा मुंबईचे महत्त्व गुजरातला नेले जात आहे हा आरोप धारदार झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातली जी जागा बुलेट ट्रेनच्या भूमिगत स्थानकाला हवी होती, तिथेच एकेकाळी अशा वित्तीय केंद्राची आखणी होती. कोरोनाच्या साथीत त्या परिसरात तात्पुरते रुग्णालय उभे राहिले आणि हस्तांतर आणखी लांबले. डिसेंबर 2020 मध्ये कांजूरमार्गच्या मेट्रो कारशेडला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाल्यावर कारशेडच बुलेट ट्रेनच्या जागेत नेण्याचा विचार पुढे आला. ठाणे महापालिकेत शीळ येथील जेमतेम 3,800 चौरस मीटरचा तुकडा देण्याचा प्रस्ताव सत्ताधारी शिवसेनेने वारंवार तहकूब केला आणि नंतर फेटाळला.

या काळाचे आकडे पाहिले की राजकीय भाषणांपेक्षा वेगळे चित्र दिसते. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रात 22 टक्के जमीन हाती होती. 2022 च्या मध्याला, म्हणजे हे सरकार पडताना, ती सुमारे 70 टक्के झाली होती. मुख्यमंत्री प्रकल्पाला नाव ठेवत असतानाही पालघर आणि ठाण्याचे उपजिल्हाधिकारी खरेदीखते करत होते. सरकारने काम बंद करण्याचा आदेश कधी दिला नाही; ज्या जागी मंत्रालयाची किंवा महापालिकेची स्वतःची सही लागत होती, तिथे ती दिली नाही, एवढेच. अडवणूक खरी होती, पण ती निवडक होती. पालघरच्या शेतकऱ्याला तिने फारसे वाचवले नाही.

केंद्राने दरम्यान वाट न पाहता कामाचे तुकडे पाडले. नोव्हेंबर 2020 मध्ये वापी ते वडोदरा या 237 किलोमीटरचे जवळजवळ 25,000 कोटींचे कंत्राट लार्सन अँड टुब्रोला दिले गेले. आधी गुजरात, मग महाराष्ट्र असा क्रम ठरला आणि मुंबईशिवाय सुरू होणाऱ्या बुलेट ट्रेनची भाषा पहिल्यांदा अधिकृतपणे ऐकू येऊ लागली. ओमियाची आठवण व्हावी असाच हा निर्णय होता.

30 जून 2022 रोजी एकनाथ शिंदे यांचे सरकार आले. दोन आठवड्यांत प्रकल्पाच्या प्रलंबित परवानग्या देण्याची घोषणा झाली आणि काही महिन्यांत वांद्रे-कुर्ला संकुलातली जागा रिकामी होऊन कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. वर्षअखेर महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी जमीन मिळाली होती. वनजमीन आणि सरकारी जागा केवळ आदेशाने सुटल्या. बाकी राहिले ते न्यायालयातले विषय. कांदळवने तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ठाणे स्थानकाची रचना बदलून तोडायच्या झाडांची संख्या 53,000 च्या वरून सुमारे 22,000 वर आणली गेली होती. 9 डिसेंबर 2022 रोजी न्यायालयाने प्रकल्प सार्वजनिक हिताचा मानून परवानगी दिली.

दुसरा विषय विक्रोळीचा. वांद्रे ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा खणण्यासाठी मधे खोल विवर लागते, आणि ते गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या सुमारे 39,000 चौरस मीटर जागेत येत होते. कंपनीने मार्ग बदलण्याची मागणी केली. 2018 पासून हा वाद चालला. सप्टेंबर 2022 मध्ये 264 कोटी रुपयांचा निवाडा झाला. आधीच्या चर्चेत 572 कोटींचा आकडा होता असे म्हणत कंपनीने त्याला आव्हान दिले. निवाडा मुदतीत झाला नाही, मुदतवाढ बेकायदा आहे, हेही तिचे मुद्दे होते. 9 फेब्रुवारी 2023 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. चार हेक्टरांचा हा एक तुकडा जवळपास पाच वर्षे लढू शकला. पाच गुंठ्यांच्या खातेदाराला तलाठी कार्यालयापासून प्रांताच्या कचेरीपर्यंतचा खर्चही परवडत नव्हता.

मार्च ते जुलै 2023 या काळात मुंबईचे स्थानक, बोगदा आणि महाराष्ट्रातला 135 किलोमीटरचा उन्नत मार्ग यांची कंत्राटे दिली गेली. जानेवारी 2024 मध्ये सर्व जमीन संपादित झाल्याचे जाहीर करण्यात आले: गुजरातेत सुमारे 951 हेक्टर, महाराष्ट्रात 430 आणि दादरा-नगर हवेलीत साडेसात. तोवर दक्षिण गुजरातमध्ये नद्यांवर पूल उभे राहिले होते आणि महाराष्ट्रात पायाची खोदाई सुरू होत होती. उशिराचे कारण संसदेत दर वेळी एकच सांगितले गेले, ते म्हणजे महाराष्ट्रातले भूसंपादन.

पालघरमधली मोजणी मात्र थांबली नाही. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि बंदर महामार्गाला व रेल्वेला जोडणाऱ्या मार्गांसाठी त्याच पट्ट्यातल्या गावांत भूसंपादनाची प्रक्रिया पुन्हा सुरू झाली.